घर आणि शाळा : मोलमजुरीच्या घरातला ‘मोल’चा हिशेब



भिवंडीजवळच्या शेलार गावातून एका भगिनीने या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. त्यांचे पती यंत्रमागावर आहेत, त्या स्वतः कांडी भरायला जातात. मुलगी नववीत आहे. भाषा, इतिहास, भूगोल यांत ती बरी आहे. पण विज्ञानात अणुवस्तुमान, रेणुवस्तुमान आणि ‘मोल’ यांची उदाहरणे सुरू झाली आणि पोरीने वही मिटली. “मला सायन्स जमणार नाही, दहावीनंतर दुसरे काही तरी बघू,” असे ती म्हणू लागली आहे. आईचा प्रश्न असा : आम्ही दोघेही फारसे शिकलेलो नाही, शिकवणीची फी जड जाते, मग या पोरीला आम्ही घरात काय मदत करणार?

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०१७ साली नववीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे नवे पुस्तक आले. त्यात ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा एक पाठ होता आणि रेणुवस्तुमान व मोल यांची ओळख त्यातच होती. पुस्तके बदलतील, पाठाचे नाव बदलेल, पण हा हिशेब काही रसायनशास्त्रातून जाणार नाही. अकरावी-बारावी, डिप्लोमा, फार्मसी, नर्सिंग, प्रयोगशाळेतील नोकरी या सगळ्या वाटा याच दारातून जातात. नववीत हे दार भीतीने लावून घेतले, तर पुढची पाच-सहा दारे न ठोठावताच बंद होतात. म्हणून आज सगळे सदर आम्ही या एका विषयाला देत आहोत. मुलांनी वही-पेन्सिल घेऊन वाचावे. आई-बाबांनी शेजारी बसून ऐकावे, कारण यातला अर्धा हिशेब त्यांना आधीच येतो.

विणकराचा मुलगा

अणूंच्या वजनाचे पहिले कोष्टक कोणी केले? जॉन डाल्टन या इंग्लिश माणसाने. १७६६ साली तो एका खेड्यात जन्मला. बाप हातमागावर कापड विणणारा. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचे. त्या काळी इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारे अशा लोकांना बंद होती. डाल्टन बाराव्या वर्षापासून गावातल्या मुलांना शिकवू लागला आणि पुढे शिकवण्या करूनच पोट भरले. १८०३ साली त्याने आपल्या वहीत अणूंची वजने मांडली. सर्वांत हलका हायड्रोजन, त्याला १ धरायचे आणि बाकीचे अणू त्याच्या किती पट जड ते लिहायचे. आज अणूचे वजन ज्या एककात सांगतात त्याचे नाव ‘डाल्टन’ आहे.

बाप मागावर आणि धर्माच्या नावाखाली शिक्षणाचे दार बंद, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ होतो, असे कारण दिले जाई. मजुरी मात्र त्याच खात्यात जास्त होती. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आज शेलार-भिवंडीत आपली माणसे माग चालवितात, कांडी भरतात, बीम चढवितात. जे खाते बंद होते ते उघडले. आता त्यांच्या मुलांपुढे प्रयोगशाळेचे खाते आहे. तिथे कोणी विटाळ सांगत नाही, पण एका पाठाची भीती तेच काम करून जाते.

सुताचा काउंट ज्याला कळतो…

आता आई-बाबांसाठी. मागावर काम करणाऱ्या कोणालाही विचारा : कोनावर सूत किती मीटर आहे हे टेपने मोजता का? तो हसेल. सूत काट्यावर तोलतात आणि काउंटवरून लांबी काढतात. कापसाच्या सुताचा ४० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लड्या. ४० गुणिले ८४०, म्हणजे ३३,६०० वार. पॉलिस्टरला डेनियर. ८० डेनियर म्हणजे त्या धाग्याच्या ९,००० मीटरचे वजन ८० ग्रॅम. मग एक किलोच्या कोनावर किती धागा? १,००० भागिले ८० म्हणजे साडेबारा. साडेबारा गुणिले ९,००० म्हणजे १,१२,५०० मीटर. शंभर किलोमीटरहून जास्त धागा मोजला आणि टेप हातात घेतलाच नाही.

इथे आपण काय केले? जी वस्तू मोजता येत नाही ती तोलली. एका ठरलेल्या लांबीचे वजन माहीत होते, त्यावरून सगळी लांबी काढली. मोलच्या हिशेबात हेच करायचे असते. अणू-रेणू इतके लहान की ते एकेक करून मोजणे अशक्य. म्हणून तोलायचे. एका ठरलेल्या संख्येचे वजन माहीत असले की तोललेल्या मालात किती संख्या आहे ते भागाकाराने निघते. त्या ठरलेल्या संख्येचे नाव मोल. बारा नगांना डझन म्हणतात, बारा डझनांना ग्रॉस म्हणतात, तसेच हे. डझनात बारा, मोलमध्ये फार मोठा आकडा, एवढाच फरक.

पायरी पहिली : सूत्राचे वजन

आधी सूत्राचे वजन काढायला शिका. पुस्तकात रेणूंसाठी ‘रेणुवस्तुमान’ म्हणतात. मिठासारख्या पदार्थांत सुटे रेणू नसतात, तेथे ‘सूत्रवस्तुमान’ म्हणतात. करण्याची रीत एकच. वाण्याच्या बिलासारखी बेरीज करायची : नग किती, दर काय, रक्कम किती. इथे नग म्हणजे सूत्रातले अणू आणि दर म्हणजे अणुवस्तुमान.

दरांचे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा आणि पाढ्यासारखे पाठ करा : हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, लोखंड ५६, तांबे ६३.५. एवढ्या बारा दरांत शाळेतली बहुतेक उदाहरणे सुटतात.

आता पाणी. सूत्र एच-टू-ओ. हायड्रोजनचे दोन, दर १, रक्कम २. ऑक्सिजनचा एक, दर १६, रक्कम १६. बेरीज १८.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड : २३ अधिक ३५.५, बेरीज ५८.५.

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड : सोडियम २३, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १, बेरीज ४०. डाइंगमध्ये काम करणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे.

डाइंगमधलीच सोडा अॅश म्हणजे सोडियम कार्बोनेट. सोडियमचे दोन म्हणजे ४६, कार्बनचा एक १२, ऑक्सिजनचे तीन म्हणजे ४८. बेरीज १०६.

बहुतेक मुले घसरतात ती कंसावर. भिंतीला लावायचा विरी गेलेला चुना घ्या, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या सूत्रात ओ आणि एच कंसात आहेत आणि कंसाबाहेर खाली २ आहे. मुले तो २ फक्त एचला लावतात आणि ४० अधिक १६ अधिक २, म्हणजे ५८ असे उत्तर लिहितात. हे चूक आहे. कंस म्हणजे पुडी. बाहेरचा २ म्हणजे तशा दोन पुड्या. एका पुडीत ऑक्सिजन १६ आणि हायड्रोजन १, म्हणजे १७. दोन पुड्या ३४. त्यात कॅल्शियमचे ४० मिळवा, उत्तर ७४. दोन पुड्या घेतल्या तर साखरही दुप्पट आणि चहापूडही दुप्पट, हे वाण्याकडे जाणाऱ्या पोराला सांगावे लागत नाही.

पायरी दुसरी : मोल

सूत्राचे वजन आले की अर्धे काम झाले. आता ते जेवढे आले तेवढे ग्रॅम तोला. तेवढ्या ढिगात एक मोल माल असतो. पाण्याचे १८ ग्रॅम म्हणजे एक मोल पाणी. मिठाचे ५८.५ ग्रॅम म्हणजे एक मोल मीठ. कॉस्टिकचे ४० ग्रॅम म्हणजे एक मोल कॉस्टिक. ढीग लहान-मोठे दिसले तरी प्रत्येकातील नगांची संख्या एकच आहे, जसे बोरांचे डझन आणि कलिंगडांचे डझन.

ती संख्या ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणजे ६०२२ लिहून त्यापुढे २० शून्ये. तिला अॅव्होगॅड्रो अंक म्हणतात. पूर्वी कार्बनच्या १२ ग्रॅममधील अणूंवरून ती सांगत. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात हा आकडा जगभर कायमचा ठरवून टाकला आहे. हा आकडा किती मोठा? पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांनी मिळून एका मोलचे नग मोजायला घेतले आणि प्रत्येकाने दर सेकंदाला एक नग, झोप-जेवण सोडून, मोजला तरी काम संपायला सुमारे २४ लाख वर्षे लागतील. म्हणून तराजू.

हिशेबाची सूत्रे दोनच, ती भिंतीवर खडूने लिहून ठेवा :

मोल किती = तोललेले ग्रॅम भागिले सूत्राचे वजन.
नग किती = मोल गुणिले अॅव्होगॅड्रो अंक.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले. ओंजळ सुमारे ९० मिलिलिटरची धरली तर पाणी ९० ग्रॅम. ९० भागिले १८, म्हणजे ५ मोल. ५ गुणिले अॅव्होगॅड्रो अंक, म्हणजे तीन लिहून त्यापुढे २४ शून्ये, इतके रेणू. त्यातल्या प्रत्येकात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एकच अणू. स्पृश्याच्या घड्यात वेगळा रेणू आणि आपल्या घड्यात वेगळा, असे कोणत्याही तराजूला कधी दिसले नाही. मुलांना हे उदाहरण घालून पाहा, १८ हा आकडा ती जन्मात विसरणार नाहीत.

घोकू नका, तपासा

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पाण्याचे सूत्र स्वतः डाल्टननेच चुकीचे धरले होते. हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असा त्याचा समज, त्यामुळे ऑक्सिजनचे वजनही चुकले. १८११ साली इटलीच्या अॅव्होगॅड्रोने सांगितले की, तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. त्यातून दुरुस्तीचा रस्ता निघत होता, पण जवळजवळ पन्नास वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८५६ साली तो वारला. १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे त्याच्याच देशाच्या कॅनिझारोने हा विचार पुन्हा मांडला, आणि मग अणूंची वजने नीट लागली.

थोर माणसाने सांगितले म्हणून खरे मानू नका, ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, अनुभवाला आणि बुद्धीला पटते का ते बघा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विहारात आपण हे ऐकतो. वर्गातही तेच लागू आहे. मुलीने उत्तर काढले की तिला विचारा, “हे उत्तर बरोबर कशावरून?” पेलाभर पाण्यात ०.००५ मोल आले तर तिनेच म्हटले पाहिजे की असे होणार नाही. १८ ग्रॅमला एक मोल, मग १८० ग्रॅमच्या पेल्यात दहा यायला हवेत. आईला रसायनशास्त्र येत नसले तरी हा प्रश्न ती विचारू शकते, आणि या प्रश्नाने मुलांचे जेवढे भले होते तेवढे महागड्या गाइडने होत नाही.

हा हिशेब घरात कुठे लागतो?

मुले विचारतात, “याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे. तीन जागा सांगतो.

पहिली, जुलाब झालेल्या लेकराला द्यायचे ओआरएस. पाकिटावर बघा, ग्लुकोज ७५ आणि सोडियम ७५ मिलिमोल असे छापलेले सापडेल. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग. एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. ग्लुकोजचे वजन : कार्बनचे ६ म्हणजे ७२, हायड्रोजनचे १२ म्हणजे १२, ऑक्सिजनचे ६ म्हणजे ९६, एकूण १८०. १३.५ भागिले १८०, म्हणजे ०.०७५ मोल. बरोबर ७५ मिलिमोल! सोडियमही तेवढाच ठेवलेला आहे, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. ही जोडी वजनाने नव्हे, नगांनी जुळविलेली आहे. म्हणूनच एक लिटरचे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात विरघळवू नका. पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी, आधी उकळून थंड केलेले, मोजून घ्या.

दुसरी जागा, गॅस. अॅव्होगॅड्रोच्या नियमाप्रमाणे सारख्या आकारमानात रेणू सारखेच, तेव्हा ज्याचा रेणू जड तो वायू जड. हवेत मुख्यतः नायट्रोजन २८ आणि ऑक्सिजन ३२, सरासरी सुमारे २९. आता सिलिंडरचा गॅस. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन : कार्बनचे ३ म्हणजे ३६, हायड्रोजनचे ८, एकूण ४४. ब्युटेन : ४८ अधिक १०, एकूण ५८. दोन्ही हवेपेक्षा जड. म्हणजे गळालेला गॅस वर छताला जात नाही, जमिनीवर साचतो. एका खोलीच्या घरात तर तो झोपलेल्या माणसांच्या उंचीवरच असतो. वास आला तर दिव्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका. काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. दाराशी फट बुजवायला कापड घातले असेल तर आधी ते काढा, कारण हा गॅस खालूनच बाहेर जाणार.

आणि टाकी. सांडपाण्याची टाकी, मैल्याची टाकी, गटाराचे चेंबर यांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हायड्रोजनचे दोन आणि गंधकाचे ३२, एकूण ३४. कार्बन डायऑक्साइड ४४. दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी दबा धरून बसणारे. गाळ ढवळला की आणखी सुटतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असे समजू नका. एक जण आत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशी मरणे आपल्याच समाजाच्या वाट्याला किती आली! २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास बंदी आहे. गटारातील मृत्यूला दहा लाख रुपये भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. पण भरपाई माणूस परत आणत नाही. “आत उतर” म्हणणाऱ्याला “नाही” म्हणण्याचे बळ कायद्याने येते, तसे ३४ आणि २९ या दोन आकड्यांनीही येते.

कामवारीच्या पाण्याचा हिशेब

तिसरी जागा शेलारच्या लोकांच्या दाराशीच आहे. गावालगत कामवारी नदी वाहते आणि परिसरात माग, सायझिंग, डाइंग आहेत. डाइंगच्या पाण्यात कॉस्टिक असते. ते आम्लाने मारावे लागते, याला उदासिनीकरण म्हणतात. आता प्रश्न असा : ४० किलो कॉस्टिक मारायला सल्फ्युरिक आम्ल किती लागेल? बहुतेक जण म्हणतील, ४० किलो. चूक. सल्फ्युरिक आम्लाचे वजन २ अधिक ३२ अधिक ६४, म्हणजे ९८. त्याचा एक रेणू कॉस्टिकच्या दोन नगांना पुरतो. दोन नगांचे ८०. म्हणजे ८० किलोला ९८ किलो, म्हणून ४० किलोला ४९ किलो. दोघे ४०-४० किलो घेतले तर सात किलोपेक्षा जास्त कॉस्टिक तसेच पाण्यात राहील.

आता पुढचा हिशेब. ४० आणि ४९ मिळून ८९ किलो माल आत गेला. तयार काय झाले? सोडियम सल्फेट ७१ किलो आणि पाणी १८ किलो. ७१ अधिक १८, पुन्हा ८९. वस्तुमान नाहीसे होत नाही, हा नियम असा डोळ्यांनी दिसतो. आणि यातच नदीची गोष्ट आहे. पाणी उदासीन झाले म्हणजे स्वच्छ झाले असे नाही. ते ७१ किलो क्षार कुठे तरी जाणारच. ग्रामसभेत कोणी “आम्ही पाणी न्यूट्रल करूनच सोडतो” असे म्हणाले तर “मग क्षार कुठे जातो? रंग कुठे जातो?” असे विचारायला उभी राहणारी मुलगी आपल्या वस्तीतून निघावी, असे आम्हाला वाटते.

(विद्यार्थ्यांनो, आम्ल आणि कॉस्टिक यांचा प्रयोग घरी करू नका. हा हिशेब वहीत करायचा आहे. प्रयोगशाळेतही आम्ल पाण्यात थोडे थोडे घालतात, पाणी आम्लात कधीही ओतत नाहीत.)

आई-बाबांनी काय करावे?

एक, दरांचे कोष्टक रोज विचारावे. कागद आपल्या हातात धरून “सोडियम?” म्हणावे, पोराने “तेवीस” म्हणावे. यासाठी शाळा शिकलेली लागत नाही. पंधरा दिवसांत पाठ होते.

दोन, सूत्राचे वजन पक्के झाल्याशिवाय मोलला हात लावू देऊ नये. पाया कच्चा असताना वरचा मजला चढविला की पोरगे घाबरते आणि आपण म्हणतो त्याला डोकेच नाही.

तीन, उदाहरण मोठ्याने सोडवायला लावावे. “दिले काय, काढायचे काय, सूत्राचे वजन किती, आता भाग की गुणाकार” हे चार प्रश्न पोराने स्वतःला तोंडाने विचारावेत.

चार, विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक फळा मांडावा. बारावी सायन्स झालेला एखादा ताई-दादा वस्तीत असतोच, त्याला बोलवावे. मुलांना, विशेषतः मुलींना, फळ्यापाशी उभे करावे. बाबासाहेब शाळेत फळ्यावर गणित सोडवायला निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गात धावपळ उडाली होती. तो खडू आता आपल्या मुलांच्या हातात आहे, तो त्यांनी सोडू नये.

पाच, “आपल्याला काय करायचे सायन्स” हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. मुलीला विज्ञान आवडले नाही तर तिने खुशाल दुसरे शिकावे. मात्र ती निवड असावी, पळ नसावा.

सरावासाठी

१) खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यात सोडियम, हायड्रोजन, कार्बन प्रत्येकी एक आणि ऑक्सिजन तीन. सूत्राचे वजन किती? ४२ ग्रॅम म्हणजे किती मोल?
२) कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम एक, कार्बन एक, ऑक्सिजन तीन. २५० ग्रॅममध्ये किती मोल?
३) कार्बन डायऑक्साइडच्या ११ ग्रॅममध्ये रेणू किती?
४) एक लिटर पाण्यात किती मोल?
५) १० ग्रॅम कॉस्टिक आणि १० ग्रॅम सोडा अॅश, कोणत्या ढिगात मोल जास्त?

उत्तरे : १) ८४, अर्धा मोल. २) वजन १००, अडीच मोल. ३) पाव मोल, म्हणजे सुमारे १.५ गुणिले १० चा २३ वा घात. ४) १,००० भागिले १८, सुमारे ५५.५. ५) कॉस्टिकच्या, ०.२५ मोल, तर सोडा अॅश सुमारे ०.०९४.

आधी सोडवा, मग उत्तरे पाहा. तीन बरोबर आली तरी शाबासकी द्या, राहिलेली दोन दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पुढील अंकी संयुजेवरून सूत्र कसे लिहावे ते पाहू. ज्यांना या पाठात अजून काही अडत असेल त्यांनी उदाहरण उतरवून पाठवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!